मिस इन्साफ आणि एक 'हत्ता'

जॉर्डनमधल्या तफीलाच्या मुलींच्या सरकारी शाळेत शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसा. हिवाळा सरता सरता एक दिवस असा येतोच, की मिस इन्साफ फळ्यावर 'अन्टिल' हा शब्द लिहितात आणि खडू मोडेल इतक्या जोरानं त्याच्यावर काट मारतात. मागच्या बाकावरच्या पोरी तेवढ्यापुरत्या जाग्या राहतात. त्यांच्या आया नि थोरल्या बहिणी याच बाकांवर बसून हीच काट बघून गेल्या आहेत, त्यामुळे खडूचा तुकडा कुठे उडणार हेही त्यांना घरून कळलेलं असतं.

दोष पोरींचा नाही, आमच्या भाषेचा आहे. अरबीत 'हत्ता' नावाचा एक चलाख शब्द आहे. तो 'पर्यंत' या अर्थी येतो आणि 'म्हणून', 'यासाठी' या अर्थीही येतो. घरात बोलताना कुणाचं काही अडत नाही. पण तौजीहीच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेत, जिच्यावर आमच्याकडे मुलीचं लग्न, नोकरी आणि आईची झोप अवलंबून असते, 'मी अभ्यास करते हत्ता पास होईन' हे वाक्य इंग्रजीत नेताना पोरी डोळे झाकून 'अन्टिल' लिहून मोकळ्या होतात. अर्थ काय झाला, तर पास होईपर्यंत अभ्यास करते, मग पुस्तकाचं तोंड बघणार नाही. "ते खरंच आहे," मिस इन्साफ म्हणतात, "पण तपासणाऱ्याला कशाला सांगता?" हेतू सांगायचा तर 'सो दॅट' लिहा. 'अन्टिल' म्हणजे थांबा, तिथं उतरायचं. 'सो दॅट'ला थांबा नसतो.

पूर्वी यानंतर त्या बसचं उदाहरण द्यायच्या. आमच्या बसेस घड्याळ बघून सुटत नाहीत, भरल्या की सुटतात. बस थांबते, हत्ता भरते. आता सांगा, भरेपर्यंत थांबते, की भरावी म्हणून थांबते? पोरी एकमेकींकडे बघायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "दोन्ही, मिस." त्यावर त्या हसून म्हणायच्या की मग हे परीक्षेत येणार नाही, पुढे चला. हल्ली त्या हे उदाहरण देत नाहीत. का देत नाहीत, ते सांगायला बसलोय.

शाळेबाहेर ती नुसती इन्साफ, अबू गालिबची मुलगी. अबू गालिबनी सगळी उमर तफीला-अम्मान बस चालवण्यात घालवली. बस भरल्याशिवाय काढायची नाही याबाबतीत ते इतके हट्टी होते, की स्वतःच्या वरातीची बसही त्यांनी शेवटची जागा भरल्यावरच हलवली, असं बेकरीवर बसणारे म्हातारे अजून शपथेवर सांगतात. जागा धरून ठेवणं त्यांना मुळीच खपत नसे. कुणी सीटवर रुमाल टाकून चहाला गेला, की ते रुमाल उचलून खिडकीबाहेर भिरकावत. जागा माणसाची, रुमालाची नव्हे, हे त्यांचं वाक्य सगळ्या गावाला पाठ.

आणखी एक गोष्ट गावाला पाठ आहे. इन्साफचा भाऊ गालिब यानं मिसरूड फुटायच्या वयात मोटारसायकलनं एका घरचं पोर उडवलं. पोर लंगडं होऊन वाचलं, पण त्या घराचा राग काही उतरेना. तेव्हा अबू गालिब त्यांच्या बैठकीत गेले आणि डोक्यावरच्या शमागवरचा, म्हणजे रुमालावरचा, काळा दोरीचा इगाल काढून घरच्या वडीलधाऱ्यापुढे जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पुरुष चारचौघांत इगाल उतरवत नाही. उतरवलाच, तर समोरच्याला कळतं की हा आता आपली सगळी अब्रू पुढे ठेवून मागतोय. त्या म्हाताऱ्यानं वाकून इगाल उचलला आणि आपल्या हातानं अबू गालिबच्या डोक्यावर चढवला, म्हणजे मागणं मान्य केलं. तेवढंच. त्यावर कॉफी आली आणि विषय संपला. इन्साफ त्या वेळी लहान होती, बापामागून गेली होती आणि दाराच्या फटीतून सगळं बघत होती.

कॉलेज संपवून ती घरी आली, तेव्हा ओमानच्या एका शाळेनं तिला निवडलं होतं. पासपोर्ट आला होता, मैत्रीण नुहा पुढे जाऊन खोली बघून ठेवणार होती. त्याच महिन्यात आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. संध्याकाळी अबू गालिब बस लावून घरी आले, दारात बूट काढता काढता म्हणाले, "इन्साफ, थांब तू. हत्ता आई बरी होईल."

इंग्रजीत पहिल्या वर्गात पास झालेल्या इन्साफनं त्या दिवशी तीच चूक केली जी तिच्या पोरी पुढे करणार होत्या. तिनं 'पर्यंत' ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा महिने. तिनं नुहाला कळवलं की वसंतात येते, आणि तोवर म्हणून गावच्या शाळेत नोकरी धरली.

आई बरी झाली नाही आणि गेलीही नाही. ती डाव्या हातानं खायला शिकली, अर्धे शब्द बोलायला शिकली, आणि ते अर्धे शब्द एकट्या इन्साफला कळत. दोन स्थळं आली. दोघांनाही बायको अम्मानला न्यायची होती. दोन्ही वेळा अबू गालिब म्हणाले की तुझी मर्जी, आणि दोन्ही वेळा आतल्या खोलीतून आईनं तिला हाक मारली. गालिब अकबाला बंदरावर नोकरीला लागला, त्याला बायको आली, मुलं आली. दर ईदला तो मांडीवर मन्सफचं, म्हणजे मटण-भाताचं ताट घेऊन म्हणायचा की इन्साफसारखी मुलगी सगळ्या तफीलात नाही, दहा मुलगे असते तरी बाबांना तिच्याइतका आधार झाला नसता.

हेतूच्या धड्यानंतर इन्साफ तुलना शिकवते, त्यामुळे या वाक्यातलं बिंग तिला पहिल्या ईदलाच कळलं होतं. 'पेक्षा'च्या पलीकडे कुणीतरी उभं असावं लागतं. या शर्यतीत ती दर वर्षी पहिली येत होती, कारण दुसरं कुणी धावतच नव्हतं. पण शिव्या देणाऱ्याला तोंड देता येतं, असं कौतुक करणाऱ्याला काय करणार? ती ताटातला भात सारखा करायची आणि चहाला उठायची. मनात मात्र ती तेव्हा भावावर इतकी चिडलेली असे, की साल्वियाची पानं चहात टाकायला विसरायची.

मग एका हिवाळ्यात आई गेली. दुःख झालं, खरंच झालं. कितीतरी रात्री तिला हाक ऐकू येऊन जाग येत होती. पण त्या दुःखाच्या तळाशी एक हलकी, लाजिरवाणी गोष्ट होती: थांबा आला. आता उतरायचं.

ती लगेच उतरली नाही. वर्ष जाऊ दिलं. मध्येच गालिबनं आपली थोरली मुलगी रफीफ हिला आणून सोडलं, तौजीहीचं वर्ष आहे, अम्तोजवळ, म्हणजे आत्याजवळ, राहील हत्ता इंग्रजीत चांगले गुण मिळतील, म्हणून. इन्साफनं तो 'हत्ता' ऐकला आणि पोरीसाठी खाट मांडली. पण पुढच्या हिवाळ्यात नुहाचा फोन आला. ती आता ओमानमधल्याच सलालाच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिला इंग्रजीची बाई हवी होती. पंचेचाळिशीच्या आत असेल तरच घेतात. इन्साफ चव्वेचाळीस वर्षांची होती. नुहा म्हणाली, "या वर्षी आलीस तर आलीस, नाहीतर मी नुसते फोन करत राहीन."

आता वर्गातली गोष्ट. काट मारायचा दिवस होता. इन्साफनं रफीफला फळ्यावर बोलावलं आणि हेतूचं एक वाक्य लिहायला सांगितलं, स्वतःच्या घरातलं. पोरीनं विचार न करता लिहिलं, माझी आत्या घरी राहिली, आणि पुढे 'अन्टिल', आणि पुढे आजी बरी व्हावी. वर्ग हसला, कारण शब्द तोच होता, आज ज्याची पाळी होती. इन्साफनंही हसून काट मारली आणि वर 'सो दॅट' लिहिलं. आजी बरी व्हावी म्हणून आत्या घरी राहिली. वाक्य एकदम शुद्ध झालं.

मागून बेकरीवाल्याची तुमादिर उठली. ही पोर वात्रट नव्हती, उलट तिला जे कळत नाही ते कळेपर्यंत ती बसतच नसे. तिनं विचारलं, "पण मिस, रफीफची आजी तर वारली. हेतू संपल्यावर आत्या कशासाठी राहते? मग 'सो दॅट' चालतं का?"

व्याकरणाच्या प्रश्नाला इन्साफकडे उत्तर नाही, असं त्या वर्गानं कधी पाहिलं नव्हतं. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. आपलं आयुष्य एका ओळीत, आपल्याच हातानं दुरुस्त केलेलं, वर्गापुढे लटकतंय, आणि तीस पोरी ते वहीत उतरवून घेताहेत, हे तिला तेव्हा दिसलं. घंटा झाली म्हणून सुटली.

रफीफनं रात्री जेवताना ही हकीकत आजोबांना गंमत म्हणून सांगितली. टोमॅटोच्या गलायेच्या रश्श्यात भाकरी बुडवत अबू गालिब आधी हसले. "आणि सीदो, अम्तोला उत्तरच आलं नाही," असं ती म्हणाली, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. इन्साफला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तिनं सलालाचं सांगितलं.

आमच्याकडे बाप लेकीलाही 'याबा'च म्हणतो, म्हणजे बाबा. या घरात दोघंही एकमेकांना याबा म्हणत, आणि भांडणात तर कोण कुणाचा बाप ते कळत नसे.

"जायचंय?" अबू गालिबनी विचारलं.

"तुम्ही म्हणाला होतात, हत्ता आई बरी होईल. आई गेली, याबा. आता कुठवर?"

"मी 'कुठवर' म्हटलंच नव्हतं. ती बरी व्हावी म्हणून थांब, असं म्हटलं होतं."

"ती बरी झाली नाही."

"नाही झाली. पण तू होतीस म्हणून इतकी वर्षं जगली, याबा."

खोटं असतं तर ती भांडली असती. ते अक्षरशः खरं होतं. हेतू फसला होता आणि परिणाम मात्र झाला होता, आणि परिणामाला खोडता येत नाही, तो घडून गेलेला असतो. इन्साफनं ताटं उचलली. मागून अबू गालिब माळेचे मणी सरकवत म्हणाले, "तुझी मर्जी." स्थळांच्या वेळी म्हणाले होते तसंच, त्याच सुरात. तिला ते दोन शब्द ऐकले की तोंडावर दार लावल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी गालिबचा फोन. याबांचं वय झालंय, रफीफचं वर्ष आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यासारखी मुलगी सगळ्या तफीलात नाही. इन्साफनं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाक्य तोडलं. म्हणाली, "तर मग तू दुसऱ्या नंबरवर तरी ये रे," आणि फोन ठेवला.

एवढ्यावर ती थांबली नाही. सलालाच्या करारावर सही करायला अम्मानला जावं लागणार होतं. गुरुवारी तिनं शाळेतून रजा घेतली, रफीफला सांगितलं की कामाला जातेय, आणि बसतळावर येऊन अम्मानच्या बसमध्ये खिडकीशी बसली. ड्रायव्हर होता खलैफ. तो पूर्वी अबू गालिबच्या हाताखाली तिकिटं फाडायचा, आणि आता त्याच्या तीन मुली मिस इन्साफच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यानं सलाम केला, याबा कसे आहेत विचारलं, आणि खाली उतरून फोनवर कुणाशीतरी बोलत बसला.

बस भरत आली आणि एका जागेपाशी अडली. तिच्या शेजारचीच जागा. अर्धा तास गेला, माणूस येईना. एक सैनिक आला आणि त्याला मआनला जायचं होतं. एक बाई आली आणि तिला फक्त भाचीला पोचवायचं होतं. इन्साफ पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सगळं गाव खिडकीसमोरून जात होतं आणि सलाम करत होतं, आणि प्रत्येक जण विचारत होता, "खैर आहे ना, मिस? अम्मानला?" तिला उतरून पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायचं म्हटलं तर वाट घराकडेच जात होती.

तेवढ्यात अबू गालिब दिसले. चढावरून येत होते, एक हात कमरेवर, आणि पायात घरातल्या सपाता. खलैफचा फोन कुणाला गेला होता ते तिला कळलं. ती मनातल्या मनात म्हणाली, संपलं. ते धापा टाकत चढले, आणि तिच्या शेजारी धपकन बसले.

"भरली," ते म्हणाले. "सोड रे खलैफ."

"याबा, तुम्ही कुठे?"

"अम्मानला. जातो आणि एकटा परत येतो. तू बघच. एकटा येता येतं की नाही."

बस निघाली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी जागा भरली होती, ती जावी म्हणून. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि हसा नावाचं गाव मागे पडलं तरी ती रडतच होती. कतरानाच्या अलीकडे म्हाताऱ्याला झोप लागली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. खांद्याला मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

अम्मानच्या दक्षिण तळावर खलैफनं बस परतीच्या रांगेत लावली. अबू गालिब उतरलेच नाहीत, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. इन्साफनं त्यांना पाण्याची बाटली आणि तिळाचं काक, तो कड्यासारखा पाव, आणून दिलं आणि बजावलं, "भरली की निघा हां. मला वेळ लागेल, मी मागच्या बसनं येईन."

"भरली की निघणारच," ते म्हणाले. "तुझ्यासाठी काय थांबतोय?"

ती निघाली. चालताना आपले पाय इतके हलके पडताहेत याचं तिला नवल वाटत होतं. ऑफिसातली मुलगी बोलायला गोड होती. कागद तयार होता. इन्साफनं दोन ठिकाणी सही केली, ऑगस्टमध्ये हजर व्हायचं, एक प्रत पर्समध्ये ठेवली. रस्त्यावर येऊन तिनं एक आइस्क्रीम घेतलं आणि भर वाऱ्यात उभ्या उभ्या खाल्लं. नुहाला फोन केला, दोघी एकदम बोलत होत्या, कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही. मग तिला वाटलं, घाई कशाला? तिनं एका दुकानात उन्हाळ्याचे बूट बघितले. सलालाला लागतील असे.

तळावर आली तेव्हा दुपार कलली होती. तफीलाच्या रांगेत खलैफचीच बस उभी होती. तिला वाटलं दुसरी असेल. जवळ गेली तर खिडक्यांतून सगळी बस तिच्याकडे बघत होती. पोतं मांडीवर घेतलेल्या बायका, घामेजलेली पोरं, एक चिडलेला मास्तर. जागा सगळ्या भरलेल्या दिसत होत्या. खलैफ बाहेर चाकापाशी उकिडवा बसून सिगरेट ओढत होता. तिला बघून उठला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "चढा, मिस. मी काय करू? त्याला हात कोण लावणार?"

ती चढली. अबू गालिब होते तिथंच होते. शमाग डोक्यावर सैल पडला होता, कारण त्यावर इगाल नव्हता. इगाल शेजारच्या रिकाम्या सीटवर होता, मधोमध ठेवलेला. ज्या माणसानं उभ्या हयातीत कुणाला रुमालानं जागा धरू दिली नाही, त्यानं आपल्या डोक्यावरचा इगाल ठेवून जागा धरली होती, आणि तफीलातल्या कुणाही माणसाची तो उचलायची छाती झाली नव्हती.

"याबा," ती म्हणाली, "तुम्ही निघणार होतात ना?"

"भरली नव्हती," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी म्हटलं थांबतो. हत्ता तू येशील."

मागून कुणीतरी म्हणालं की बसा आता, मिस, पोरं भुकेली आहेत. इन्साफ उभी होती. बसायचं तर आधी सीटवरचा इगाल उचलायला हवा होता. ती येईपर्यंत थांबले, की ती यावी म्हणून? एवढंच विचारायचं होतं. वीस वर्षं जे वर्गाला विचारलं, ते तिला बापाला विचारता आलं नाही. त्यांच्या पायातल्या सपाता धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

तिनं वाकून इगाल उचलला, आपल्या हातानं त्यांच्या डोक्यावर चढवला, शमागची कडा सारखी केली, आणि बसली.

"आता भरली," अबू गालिब म्हणाले. "सोड रे."